पगारातून कटलं? आधी कलम विचारा

मागच्या महिन्यात कामठीला कँटीनच्या रांगेत उभा होतो, तर मागून एक जण म्हणाला, साहेब तुम्हीच ना ते फौजी पगाराच्या प्रश्नांची उत्तरं देणारे? हो म्हटलं आणि फसलो. पुढचा पाऊण तास रांग काही सरकली नाही पण माझ्याभोवती पे स्लिपा जमा झाल्या, कोणाच्या मोबाईलमध्ये, कोणाच्या खिशात चार घड्या घालून, एका काकांची तर औषधाच्या चिठ्ठीला टाचलेली. त्यातले काही प्रश्न आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले काही इथे घेतो. नावं, युनिट काही छापत नाही, गाव किंवा मोहल्ला तेवढा ठेवला आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे दर उत्तरात परत परत लिहावी लागणार नाही. आर्मी अ‍ॅक्ट १९५० चं कलम २५ म्हणतं की फौजी माणसाला नियमाप्रमाणे जो पगार मिळायचा तो पूर्ण मिळाला पाहिजे, कायद्यानं परवानगी दिलेली कपात सोडून दुसरी कोणतीही कपात चालणार नाही. म्हणजे स्लिपवर डेबिटच्या बाजूला जो आकडा दिसतो त्याच्यामागे काही ना काही आधार असलाच पाहिजे. मी चोवीस वर्षं फौजेत क्लर्की केली, नंतर एलएलबी करून काळा कोट घातला, आणि दोन्हीकडे पाहिलं की लोक साहेबांकडे रडतात, भांडतात, देवाला नवस बोलतात, पण "हे कोणत्या कलमाखाली कटलं?" एवढं विचारत नाहीत. वायुदलाचा कायदा १९५० चाच पण वेगळा, नौदलाचा १९५७ चा. खालची कलमं आर्मीची आहेत, त्यामुळे वायुसेनानगरच्या मंडळींनी तोच नंबर घेऊन भांडायला जाऊ नये.

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझा मुलगा आर्मीत नायक आहे. घराच्या स्लॅबसाठी त्यानं एका पतसंस्थेतून कर्ज घेतलं होतं, दीड वर्षापासून हप्ते थकले. आता त्यांचा माणूस दर आठ दिवसांनी येऊन राहिला आणि म्हणतो कोर्टाचा हुकूम झाला आहे, पोराचा पगार जप्त करतो, युनिटमध्ये पोलीस पाठवून त्याला उचलून आणतो. मला रात्री झोप लागत नाही. खरंच असं होते का? (एक आई, मानेवाडा)

उत्तर : ताई, आज रात्री झोपा. पगार जप्त होणार नाही आणि पोराला कोणी उचलणारही नाही.

आर्मी अ‍ॅक्टचं कलम २८ आहे, त्यात लिहिलं आहे की दिवाणी किंवा महसुली कोर्टाच्या हुकमानं फौजीचा पगार आणि भत्ते, पूर्ण किंवा त्यातला भागसुद्धा, जप्त करता येत नाही. त्याच्याच सोबत त्याची शस्त्रं, कपडे, सामान आणि ड्यूटीसाठी वापरात असलेलं जनावर पण जप्त करता येत नाही असं लिहिलं आहे, आता पतसंस्थेवाला खेचर कुठून जप्त करणार हा वेगळा विषय, पण १९५० मध्ये कायदा लिहिणाऱ्यानं तेवढाही विचार करून ठेवला. हीच गोष्ट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये पण आहे, जप्तीतून काय काय वगळायचं त्या यादीत फौजींचे पगार आणि भत्ते स्पष्ट लिहिलेले आहेत. आणि कलम २९ म्हणतं की माणूस फौजेत आहे तोवर त्याला कर्जापायी दिवाणी कोर्टाच्या हुकमावर अटक होत नाही. त्यामुळे "उचलून आणतो" ही निव्वळ धमकी आहे. पुढच्या वेळी तो आला की हुकमाची कॉपी मागा, आणि घरात नका घेऊ, व्हरांड्यातच बोला.

पण ताई, अर्धी गोष्ट सांगून तुम्हाला खूश करणार नाही. कर्ज माफ झालं असं यात कुठेही नाही. पगाराला संरक्षण आहे, बाकी मालमत्तेला नाही. मुलाच्या नावावर प्लॉट असेल, शेतात हिस्सा असेल, तर हुकूम त्यावर बजावता येतो. तुम्ही जामीनदार म्हणून सही केली असेल तर तुमच्या खात्यापर्यंतही येता येतं, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही म्हणून मला शंका आली. तिसरं म्हणजे मुलानं बँकेला हप्ता आपोआप कापायचा मँडेट दिला असेल तर ती जप्ती नव्हे, ती त्याची स्वतःची परवानगी, तिथे कलम २८ कामाचं नाही.

केस अजून चालू असेल आणि मुलगा बॉर्डरवर किंवा तशाच विशेष परिस्थितीत असेल तर १९२५ चा एक जुना कायदा आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट, त्याखाली युनिटचं सर्टिफिकेट कोर्टात गेलं की त्याच्या पाठीमागे केस पुढे रेटता येत नाही, थांबवावी लागते. आणि तो केससाठी सुट्टी घेऊन आला तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ३२ प्रमाणे, सुट्टीचं सर्टिफिकेट दाखवल्यावर, कोर्टानं जमेल तितकं त्या सुट्टीतच प्रकरण ऐकायचं असतं. हे कलम मी स्वतः कोर्टात दाखवलं तेव्हा समोरच्या वकिलानं पुस्तक मागून घेतलं होतं वाचायला, एवढं ते कोणाला माहीत नसते.

मुलाला सांगा की पतसंस्थेनं युनिटला पत्र लिहायच्या आधी आपणच कंपनी कमांडरच्या कानावर घाल. फौजेत कर्जाची तक्रार बाहेरून आली की वाईट दिसते.

प्रश्न : सर, माझा लहान भाऊ सुट्टी संपवून परत जात होता, गाडी धुक्यात अडकली. संध्याकाळी ८ ला रिपोर्ट करायचं होतं, पोचला दुसऱ्या दिवशी पहाटे ५ ला. आता स्लिपमध्ये दोन दिवसांचा पगार कटलेला आहे. म्हणे दोन तारखा लागल्या म्हणून दोन दिवस. गाडी काय तो चालवत होता का? (काटोल)

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मला आवडला, पण तो सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना विचारू नका.

याला फौजेत ओएसएल म्हणतात, म्हणजे सुट्टीपेक्षा जास्त राहणं. विनापरवानगी गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा पगार कापता येतो हे कलम ९१ मध्ये आहे, त्यात वाद नाही. पण "दिवस" कसा मोजायचा हे पुढच्या कलम ९२ मध्ये आहे आणि तिथे हिशेब तासांवर आहे. सलग सहा तास किंवा जास्त गैरहजर असेल तरच तो एक दिवस धरायचा, मग ते सहा तास एकाच तारखेत असोत की दोन तारखांत मिळून. सहापेक्षा कमी असेल तर एरवी सोडून द्यायचं, फक्त त्याच्या नसण्यानं त्याची ड्यूटी दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर पडली असेल तर एक दिवस धरू शकतात. आणि ज्या ज्या तारखेचा थोडासा भाग लागला ती प्रत्येक तारीख पूर्ण दिवस म्हणून धरायची असेल तर गैरहजेरी सलग बारा तास किंवा जास्त पाहिजे.

आता रात्री ८ ते पहाटे ५ मोजा. नऊ तास. सहाच्या वर, बाराच्या खाली. म्हणजे फार तर एक दिवस कापता येतो. दोन तारखा लागल्या म्हणून दोन दिवस हे गणित बारा तास झाल्याशिवाय लागू होत नाही. एका दिवसाचा पगार परत मागायला भावाची बाजू पक्की आहे.

तो एक दिवस तरी का कटावा? सुट्टीपेक्षा जास्त राहणं हा गुन्हा कलम ३९ मध्ये आहे, पण त्यात "पुरेसं कारण नसताना" असे शब्द आहेत. गाडी लेट होणं हे कारण पुरेसं होऊ शकते, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. तिकीट, गाडी किती लेट होती त्याचा स्क्रीनशॉट, स्टेशन मास्तरचं सर्टिफिकेट, आणि गाडीतूनच युनिटला केलेल्या फोनची नोंद. हे सगळं लावून ती वेळ सुट्टीतच नियमित करून द्या असा अर्ज कंपनी कमांडरला द्यायचा. माझ्या काळात स्टेशन मास्तरचा शिक्का घ्यायला पोरं अर्धा तास थांबायची आणि तेवढ्यात पुढची गाडीही हुकायची, आता मोबाईल आहे तर निदान फोटो काढून ठेवा.

एक तपासा मात्र. कधी कधी स्लिपवर दिसते ती गैरहजेरीची कपात नसते, दंड असतो. कलम ८० खाली सीओला महिन्याला चौदा दिवसांच्या पगाराइतका दंड करता येतो. दंड असेल तर त्याची वेगळी सुनावणी झालेली असेल, भावाला विचारा मार्च-अप झालं होतं का, म्हणजे सुनावणीसाठी साहेबांसमोर उभं केलं होतं का. झालं असेल तर वरचं सहा तास बारा तासांचं गणित लागू होत नाही, मग वेगळं लढावं लागेल.

प्रश्न : पोरगा अग्निवीर आहे, पहिलं वर्ष. जाहिरातीत ३० हजार होते, खात्यात २१ हजार येतात. गावात लोक म्हणतात ९ हजार मधातच कोणी खाऊन राहिले. दुसरं, एक एजंट म्हणतो की सेवानिधीवर लोन काढून देतो, पोरीचं लग्न आहे. काढू का? (रामटेक तालुका)

उत्तर : दादा, कोणी खात नाही आहे. ते ९ हजार पोराच्याच नावानं जमा होऊन राहिले.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हापासून आकडे ठरलेले आहेत. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, दुसऱ्या वर्षी ३३ हजार, तिसऱ्या वर्षी ३६,५००, चौथ्या वर्षी ४० हजार. यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, म्हणून हातात अनुक्रमे २१ हजार, २३,१००, २५,५५० आणि २८ हजार. जितके पोराचे जातात तितकेच सरकार घालते. चार वर्षांत पोराचे साधारण ५ लाख २ हजार, सरकारचे तेवढेच, व्याज धरून शेवटी ११ लाख ७१ हजारांच्या आसपास, आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही.

आता जे जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसते ते. त्याला महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी) नाही, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. शेजारच्या बराकीतल्या नवीन शिपायाचं बेसिक २१,७००, त्यावर एमएसपी ५,२००, आणि या दोन्हींच्या बेरजेवर जुलै २०२५ पासूनच्या दरानं ५८ टक्के डीए, म्हणजे १५,६०२. झाले ४२,५०२, बाकी भत्ते वेगळे. काम तेच, रात्रीची पहाऱ्याची ड्यूटी तीच. हे मला पटते का विचाराल तर नाही पटत, पण कॉलमात माझं पटणं छापून तुमच्या खात्यात पैसे येणार नाहीत. रिस्क अँड हार्डशिप, राशन, ड्रेस आणि प्रवासाचा भत्ता मात्र अग्निवीराला पण लागू आहे, पोस्टिंग कठीण जागी झाली की स्लिपवर तो दिसतो का हे पोराला पाहायला सांगा. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता त्याच्या पगारातून कटत नाही.

लोनचं. नका काढू. सेवानिधीची पूर्ण रक्कम चार वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. पोरगा स्वतःच्या इच्छेनं मधात निघाला, आणि तेही खास मंजुरी मिळाली तरच निघता येतं, तर त्याचे स्वतःचे पैसे आणि त्यावरचं व्याज मिळेल, सरकारचा हिस्सा नाही. उलट चार वर्षांनी पक्के करतात त्या पंचवीस टक्क्यांमध्ये तो निवडला गेला आणि रेग्युलर झाला तरीही सरकारी हिस्सा मिळत नाही, फक्त त्याचा स्वतःचा आणि व्याज. हे ऐकून बरेच बाप चाट पडतात. म्हणजे पोरगा पक्का झाला तर ११ लाख ७१ हजार विसरा, अर्धेच धरा, पण मग पुढे पगार आणि पेन्शनचा रस्ता उघडला. जे पैसे किती मिळणार हे आज ठरलेलंच नाही त्यावर एजंट लोन कशाच्या भरवशावर देऊन राहिला? पोराची सही घेतलेले कोरे चेक मागितले का त्यानं? मागितले असतील तर पुढचं बोलणंच बंद करा. लग्न साध्यात करा, जेवणात सावजी ठेवा, लोक तेच लक्षात ठेवतात.

प्रश्न : आमच्या मुलीला जावई तीन वर्षांपासून नांदवत नाहीत. ते आर्मीत हवालदार आहेत. मुलगी आणि नात आमच्याकडे राहतात. वकील म्हणाले फौजीच्या पगाराला हात लावता येत नाही, त्यामुळे पोटगीचा हुकूम मिळाला तरी उपयोग नाही. मग काय करायचं? (हिंगणा)

उत्तर : वकिलांनी कलम २८ वाचलं, पुढची पानं उलटली नाहीत.

कलम ९१ मध्ये कपातींची यादी आहे, तिच्यात शेवटी हेच आहे. बायकोच्या किंवा मुलाच्या पोटगीसाठी केंद्र सरकार किंवा ठरवून दिलेला अधिकारी हुकूम देईल ती रक्कम जवानाच्या पगारातून कापता येते. मूल औरस असो की नसो, दोन्ही शब्द कायद्यात आहेत. अधिकाऱ्यांसाठी हीच तरतूद कलम ९० मध्ये. म्हणजे बाहेरचा जप्तीवाला पगाराला हात लावू शकत नाही हे खरं, पण फौज स्वतः कापून मुलीच्या खात्यात टाकू शकते, आणि टाकते. मी क्लर्क होतो तेव्हा अशा फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. एकीमध्ये बाईनं साध्या वहीच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी, शाई पसरलेल्या अक्षरात अर्ज केला होता, सोबत लग्नाचा फोटो आणि पोराचं अंगणवाडीचं कार्ड. त्यावर काम झालं. भारी ड्राफ्टिंग लागत नाही.

करायचं असं. मुलीनं स्वतः जावयाच्या कमांडिंग ऑफिसरला अर्ज लिहायचा, रजिस्टर्ड पोस्टानं. त्यात आर्मी नंबर, रँक, लग्नाची तारीख, नातीचा जन्म दाखला, कधीपासून पैसे देत नाही, स्वतःचं उत्पन्न काही आहे का, बँक खातं. आर्मी नंबर माहीत नसेल तर कँटीन कार्ड नाहीतर जुन्या मनीऑर्डरची पावती शोधा, कुठे ना कुठे सापडते. मग युनिट जावयाला कारणे दाखवा नोटीस देते, त्याचं उत्तर घेते आणि फाइल वर कमांड हेडक्वार्टरपर्यंत जाते. आर्मी ऑर्डरप्रमाणे बायकोसाठी पगार-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के, आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. तुमच्या केसमध्ये मुलगी आणि एक नात, म्हणजे कमाल २७.५ टक्के. समजा पगार-भत्ते ५० हजार असतील तर १३,७५० पर्यंत. "पर्यंत" हा शब्द लक्षात ठेवा, तेवढे मिळतीलच असं नाही. वेळ लागतो, महिने लागतात, मधात जावई बदलीवर गेला तर फाइल त्याच्या मागे जाते, म्हणून दर महिन्याला एक स्मरणपत्र टाकत राहायचं.

यानं कोर्टाचा रस्ता बंद होत नाही. जुन्या कलम १२५ ची पोटगी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, मुलगी जिथे राहते तिथेच अर्ज करता येतो, म्हणजे नागपुरातच. जावई ज्या बर्फात बसला असेल तिकडे मुलीनं जायची गरज नाही. आर्मीकडून काही मिळायला लागलं असेल तर ते कोर्टाला सांगा, लपवू नका, जावयाचा वकील स्लिप आणून दाखवणारच.

जावयाच्या बाजूनं पण एक ओळ. जवानाच्या पगारातून पोटगी, दंड, नुकसानभरपाई आणि कोर्ट मार्शलची कपात असं सगळं एकत्र आलं तरी, बडतर्फीची शिक्षा झालेली नसेल तर, कलम ९४ प्रमाणे एका महिन्यात त्याच्या पगार-भत्त्यांच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. हे संरक्षण कलम ९१ च्या लोकांना, म्हणजे जवान आणि जेसीओंना (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आहे.

प्रश्न : मी २००९ चा रिटायर्ड हवालदार. स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या नव्या पोर्टलवर, आल्यापासून पेन्शन कमी येते. मुलगा म्हणतो रिकव्हरी लागली. बँकेत गेलो तर म्हणाले आमच्याकडे आता काही नाही, प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसला विचारा. म्हातारपणी प्रयागराजला तीर्थाला जायचं की पेन्शनला? (नरखेड)

उत्तर : काका, तीर्थ करून या, पेन्शनचं इथूनच होते.

तुमच्या स्लिपचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यात जी मोठी वजावट आहे ती रिकव्हरी वाटत नाही मला, ती कम्युटेशनची आहे. रिटायर होताना तुम्ही पेन्शनचा भाग विकून एकरकमी पैसे घेतले होते, आठवते का? काकूंना विचारा, घराचा वरचा मजला त्यातच झाला असेल. तो भाग पंधरा वर्षांनी परत जोडला जातो. तुमची पंधरा वर्षं २०२४ मध्ये झाली. म्हणजे तो कापणं आता बंद व्हायला पाहिजे होतं आणि झालेलं दिसत नाही. यात बाजू तुमची खरी आहे काका, पैसे तुम्हाला घेणं आहेत. पीपीओ (पेन्शनचा मूळ हुकूम), डिस्चार्ज बुक आणि कम्युटेशनची रक्कम कोणत्या तारखेला मिळाली ते बँकेचं पान, एवढं घेऊन स्पर्शच्या पोर्टलवर ग्रीव्हन्स टाकायची, मुलाच्या मोबाईलवरून होते. नाही जमलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पंधरा वर्षं ही रिटायरमेंटच्या नव्हे तर कम्युटेशन लागू झालं त्या तारखेपासून मोजतात, म्हणून ते बँकेचं पान महत्त्वाचं.

त्याच्या खाली एक छोटी वजावट आहे, ती मात्र खरंच जादा दिलेल्या पैशांची वसुली असू शकते. तिथे सुप्रीम कोर्टाचा १८ डिसेंबर २०१४ चा पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह हा निकाल कामाचा आहे. कर्मचाऱ्याची काही लबाडी नसताना ऑफिसच्या चुकीनं जादा पैसे गेले असतील तर खालच्या वर्गाच्या कर्मचाऱ्याकडून, रिटायर झालेल्याकडून, किंवा वसुलीच्या हुकमाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जे पैसे दिले गेले त्यांची वसुली करता येत नाही, असे प्रकार त्यात सांगितले आहेत. पण २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच कोर्टानं म्हटलं की जादा निघालं तर परत करीन असं लिहून दिलं असेल तर ते बांधतं. ते एका न्यायिक अधिकाऱ्याचं प्रकरण होतं, हवालदाराचं नव्हे, त्यामुळे दोन्ही निकाल समोर ठेवून भांडता येतं. पेन्शन खातं उघडताना बँकेनं तुमच्याकडून एक हमीपत्र घेतलं असेलच, सगळ्यांकडून घेतात. आधी ड्यू-ड्रॉन स्टेटमेंट मागा, म्हणजे किती द्यायचे होते आणि किती दिले त्याचा महिनेवार तक्ता. तो न देता कापत असतील तर तिथेच तुमचं अर्धं काम झालं.

ऐकलंच नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्यूनल आहे, २००७ च्या कायद्याचं. आपल्याला मुंबईचं बेंच लागतं. पगार, भत्ते, पेन्शन हे सगळं त्याच्या हद्दीत येतं. आधी अर्ज करून सहा महिने वाट पाहायची, उत्तर आलं नाही तरी पुढे जाता येतं, आणि अंतिम नकार आला असेल तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत जायचं. पेन्शनचं नुकसान दर महिन्याला नव्यानं होत असते म्हणून उशीर झाला तरी दार पूर्ण बंद होत नाही, पण मागची थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालात आहे. म्हणून बसून राहू नका.

थोडक्यात

सिव्हिल लाइन्सचा एक कॉलेजवाला विचारतो, जवान युद्धकैदी झाला तर पगार चालू राहतो का? गंमत अशी की कलम ९१ च्या अक्षराप्रमाणे युद्धकैदी म्हणून घालवलेल्या दिवसांचा जवानाचा पगार कापता येतो, विनापरवानगी गैरहजेरीच्या सोबत एकाच ओळीत आहे ते. वाचून चीड येते, मलाही आली होती. पण कलम ९७ मध्ये ती कपात माफ करायची सोय आहे, आणि ९८ व ९९ मध्ये युद्धकैद्याच्या, आणि बेपत्ता असलेल्याच्या पण, घरच्यांसाठी त्याच पगारातून तरतूद करता येते.

फिल्ड भत्त्यावर टॅक्स लागतो का? (वाडी) जुनी रिजीम घेतली तर फिल्ड एरियाचे महिन्याला २,६०० आणि सियाचीनचे ७,००० पर्यंत सुटतात. सियाचीनचा भत्ता त्याहून कितीतरी जास्त आहे, म्हणजे बाकीच्यावर लागतो. नवी रिजीम घेतली तर हेही सुटत नाहीत. दोन्हीचा हिशेब करून पाहा, पुष्कळांना तरीही नवीच परवडते.

नवरा फिल्डमध्ये आहे, मी मुलांना घेऊन जरीपटक्यात भाड्यानं राहते. सासूबाई म्हणतात एचआरए (घरभाडे भत्ता) पगाराच्या २० टक्के मिळाला पाहिजे, हातात कमी दिसतो. सासूबाई बरोबर आहेत, पण "पगार" म्हणजे फक्त बेसिक. नागपूर वाय वर्गात येते, दर सध्या २० टक्के. एमएसपी आणि डीए त्यात धरत नाहीत. बेसिक २५,५०० असेल तर ५,१००. त्यापेक्षाही कमी येत असेल, किंवा येतच नसेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं, तुम्ही नागपुरात राहता याची डीओ पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटनं काढायची अधिकृत नोंद, निघालेली नसते. लग्न, मूल, राहायची जागा, काहीही असो, ती ऑर्डर निघून पे ऑफिसला पोचेपर्यंत त्यांच्या लेखी तुमचा नवरा एकटा माणूस आहे. त्यांना सांगा युनिटच्या क्लर्ककडून ऑर्डरचा नंबर आणि तारीख घ्या. नंबर असूनही पैसे नाही आले तर स्लिपसोबत मला पाठवा.